वस्त्रगाळ

वहिनी,

शनिवारी तुझं तेरावं झालं आणि रविवारी सकाळी दादाने पावडरीचं पोतं उघडलं.

मी अजून रोह्याला परत गेले नव्हते. मागच्या पडवीत चहा घेत बसले होते. कारखान्यातून सुतळी कापल्याचा आवाज आला, मग पोतं ओढत नेल्याचा. उठून दारात गेले तर तुझ्या जागेवर, तुझ्याच पाटावर, तुझी सून प्राची बसलेली. समोर तुझं पितळेचं पातेलं, पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधलेलं तुझं कापड, आणि नाकाला ओढणीची चौघडी. दादा भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "परदेशाची ऑर्डर हाय. पुढल्या महिन्यात कंटेनर लागंल. थांबून कसं चालंल?"

तेरा दिवस थांबला हेच उपकार म्हणायचे. 

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. सोशिक होती, हसतमुख होती, आलेल्याला चहाशिवाय जाऊ दिलं नाही, वगैरे. सगळं खरं आहे. पण मला आज चांगलं बोलायचं नाही. मला भांडायचं आहे. दादाशी, त्या रंगवाल्याशी, डॉक्टरशी, तुझ्याशी. आणि आणखी एका बाईशी, जिला मी सात वर्षं टाळते आहे. तिचं नाव शेवटी सांगेन म्हटलं तर तू म्हणशील, "नाटकं नको करू गो शालू, सरळ सांग." मग सरळच सांगते. ती मीच.

पण आधी तो पाट. तो पाट माझा होता, विसरलीस? हमरापुरात घरटी गणपतीचा कारखाना, आणि प्रत्येक कारखान्यात रंगाची पावडर गाळायचं काम घरातल्या मुलीचं. आमच्या घरात मुलगी मी एकटी. दहावीचं वर्ष सुरू होतं तेव्हा तू लग्न होऊन आलीस. मी शाळेतून आले की दप्तर टाकून पाटावर बसायचे, आणि पांढऱ्या भुवया घेऊन रात्री गणितं सोडवायचे. तू आठ दिवस नुसतं बघितलंस. नवव्या दिवशी मी आले तर पाटावर तू. "ऊठ" म्हणायची वेळच तू येऊ दिली नाहीस. तू म्हणालीस, "तुझ्या वाटचं मी गाळते. तू जा, शिक." आईने काहीतरी पुटपुटून बघितलं. तू ऐकलं न ऐकल्यासारखं केलंस आणि कापडावरून हात फिरवत राहिलीस. मी पेणच्या कॉलेजात गेले, केमिस्ट्री घेतली, रोह्याच्या कंपनीत लॅबमध्ये लागले. तू पाटावरून उठली नाहीस.

आणि काय गाळायचीस! आईच्या जुन्या पातळाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड. नवं कापड तुला चालायचं नाही. पातेल्यावर बांधलं की पावडरीचा ढीग मधोमध, आणि वरून तळहात, नुसता टेकवलेला. मी एकदा घाईत दाबून गाळायला गेले तर माझ्या हातावर चापट मारलीस. "दाबायचं नाय गो. जे आपनहून जाईल तेच खरं." खाली पडलेल्या पावडरीला तू वस्त्रगाळ म्हणायचीस आणि म्हणताना तुझा आवाज थोडा खाली यायचा, देवाचं नाव घेतल्यासारखा. बाकीचे कारखाने चाळणीवर भागवायचे. आपल्या मूर्तीच्या गालावर खरखर नसायची ती तुझ्यामुळे. दादाच्या हाताचं कौतुक व्हायचं, तो डोळे आखायचा ना. गालाचं कौतुक कुणी केलं नाही.

तुझ्या लेखी अख्खं जग दोनच प्रकारचं होतं, चाळणीतलं आणि वस्त्रगाळ. शेजारची विहीणबाई चाळणीतली. पेणच्या शाळेतल्या देशमुख बाई वस्त्रगाळ. मला बघायला रोह्याहून हे आले तेव्हा पोह्यांची बशी ठेवून आत आलीस आणि माझ्या कानाशी म्हणालीस, "दोनदा चाळलेला हाय. वस्त्रगाळ नाय, पन चालंल." सव्वीस वर्षं झाली. अजून भांडण झालं की मी यांना तेच ऐकवते. आता ते ऐकवून तुला फोन करता येणार नाही, हे कालपासून तीनदा लक्षात आलं.

आता ते पोतं. सात वर्षांपूर्वीचा आषाढ असेल. त्या साली पाऊस थांबतच नव्हता आणि रंगवून ठेवलेल्या मूर्तींवर बुरशीचे करडे ठिपके धरले होते. प्रत्येक पावसाळ्यात थोडे धरतातच, पण त्या साली शंभरेक मूर्ती पुन्हा घासाव्या लागल्या. रंगवाला तेवढ्यातच आला. त्याच्याकडे नवी पावडर होती. पांढरीशुभ्र, हलकी, मोत्यासारखी झाक मारणारी. रंगात मूठभर टाकायची, बुरशी जवळ फिरकणार नाही. दादा खूश. मी रविवारची आले होते, तू जेवायला वाढत होतीस. जिताडा माशाचं कालवण होतं, आपल्याच तळ्यातल्या. तू तशीच उठलीस, ओले हात पदराला पुसलेस आणि रिकाम्या पोत्याचा तुकडा माझ्यापुढे धरलास. "हे इंग्लिश काय लिवलंय गो? तू शिकलेली हायस ना, वाच."

वर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, नॅनो. खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. माझा चष्मा पर्समध्ये, पर्स माजघरात, आणि ताटात कालवण.

तू विचारलंस, "नॅनो म्हंजे काय?"

आणि मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या वस्त्रगाळाच्याही पुढचं."

मला तुझा चेहरा आठवतो, वहिनी. लहान मुलीसारखा फुलला होता. पंचवीस वर्षं ज्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही की नावाजलं नाही, त्याच्या पुढचं काहीतरी कंपनीने करून पोत्यात भरून पाठवलं होतं, आणि तुझ्या शिकलेल्या नणंदेने त्याला तुझाच शब्द दिला होता. तू ते गावभर सांगितलंस. "शालू म्हनाली, वस्त्रगाळाच्या पुढचं हाय." पुढच्या हंगामात तो रंगवालाच प्रत्येक कारखान्यात तेच वाक्य बोलून पोती विकत होता. माझं वाक्य! त्याला मी आयतं दिलं, जेवता जेवता.

आता ऐक, मला राग कशाचा येतो ते. मी त्या दुपारी खोटं बोलले नाही. अर्धं बोलले. नॅनो म्हणजे बारीक, हे बरोबरच आहे. इतकं बारीक की आपल्या केसाच्या जाडीत हजारो कण ओळीने बसतील. पण वस्तू इतकी बारीक झाली की तिचे गुण बदलतात, हे मला माहीत होतं. दागिन्यातली चांदी अंगावर घातली तर काही करत नाही. तीच चांदी एवढी बारीक करून अशा पांढऱ्या भुकटीवर चढवली की ती जंतू मारते, बुरशी मारते, त्याचसाठी तर घालतात. आणि श्वासातून आत गेलेले असे कण नाकातल्या केसांना अडत नाहीत, घशाला अडत नाहीत, फुफ्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात. हेही मला माहीत होतं. आमच्या लॅबमध्ये अशा पावडरीची बाटली काचेच्या कपाटाबाहेर उघडायला बंदी आहे. त्या कपाटातली हवा वर ओढून घेतात. आम्ही हात आत घालतो, तेही दोन दोन हातमोजे घालून. सोमवार ते शनिवार मी तोंडाला फिल्टरवाला मुखवटा लावून अर्धा चमचा पावडर मोजत होते. रविवारी तुझ्या शेजारी बसून गप्पा मारत होते आणि तू परातीने ओतत होतीस.

आणि तू ती गाळत होतीस! ते मला सहन होत नाही. त्या पावडरीला गाळायची गरजच नव्हती. तशीच रंगात टाकायची होती. पण पोत्यातून आली ती सरळ रंगात टाकली, हे तुझ्या हातून होणारच नव्हतं. तुझ्या मूर्तीत जायचं तर वस्त्रातून जाऊनच. तू मला हाक मारून दाखवलंस, "बघ गो, कापडावर काय पन राहत नाय. कनभर नाय. सगळं जातं." कौतुकाने कापड झटकून दाखवलंस. सगळं जातं! आणि तसल्याच कापडाची चौघडी तू नाकाला बांधली होतीस. मी बघत होते. मी, बीएस्सी. माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही की जे पातेल्यावरच्या कापडातून जातं ते नाकावरच्या कापडातूनही जात असणार. घरातल्या माणसाकडे बघताना मी लॅबमधले डोळे लॅबमध्येच ठेवून येत होते.

तुझ्या आधी तळ्याला कळलं.

गाळून झालं की कापडं, पातेली, रंगाचे डबे मागच्या तळ्याच्या पायरीवर धुवायचीस. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तू मला फोन केलास, "ये बघायला, तळं कसं नितळ झालंय." आले. खरंच तळ दिसत होता. पायरीवरचं शेवाळ गेलं होतं. ज्या शेवाळावरून तू घसरून मनगट मोडून घेतलं होतंस ते साफ गेलं म्हणून तू खूश होतीस. मी पण म्हटलं, छान. पुढल्या उन्हाळ्यात तुझ्या आवाजात थोडी शंका आली. बेडकाची पिल्लं दिसत नव्हती. बारकी कोळंबी दिसत नव्हती. बगळा यायचा, काठावर उभा राहून निघून जायचा. मग एका सकाळी दोन जिताडे पोट वर करून पाण्यावर आले. दादा म्हणाला, खारं पाणी शिरलं असेल. शेजारी म्हणाले, ऊन फार आहे.

तू म्हणालीस, "जे बुरशीला मारतं ते शेवाळाला सोडंल काय गो?"

मी हसले, वहिनी. तुला म्हटलं, "अगं, तळं केवढं, पावडर केवढी! काहीतरीच." तू म्हणालीस, "शेवाळ गेलं म्हनून कोळंबी गेली. कोळंबी गेली म्हनून जिताडा. तूच शिकवलेलं ना पोरांना, कोन कोनाला खातो ते?" तुझ्या लेकाला चौथीत मी ते शिकवलं होतं, भिंतीवर खडूने बाण काढून. तू बाजूला पावडर गाळत ऐकलं असणार. मी तुला म्हटलं, "पाण्याची तपासणी केल्याशिवाय असं बोलता येत नाही." आणि तपासणी केली? नाही केली. बाटलीभर पाणी रोह्याला न्यायचं होतं, एवढंच. दर रविवारी विसरत होते. तू एकदा बाटली भरून, बूच लावून, पिशवीत घालून हातात दिलीस. ती मी एसटीत विसरले. त्यानंतर तू पुन्हा दिली नाहीस आणि मी मागितली नाही.

मग खोकला. आधी "धूळ गेली घशात". मग "थंडी बाधली". मग जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबून मागे वळून बघायचीस, जणू कुणी हाक मारली म्हणून थांबली आहेस. मला फसवायला निघाली होतीस. पनवेलच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरने फोटो उजेडावर धरला आणि म्हणाला, फुफ्फुसं कडक झाली आहेत. मग विचारलं, "घरी चूल आहे?" दादा म्हणाला, होती पूर्वी. डॉक्टरने लिहून घेतलं, चुलीचा धूर. चूल! पंचवीस वर्षं झाली घरात गॅस येऊन. मग विचारलं, "काम काय करतात?" आणि माझा भाऊ, ज्याच्या मूर्ती अमेरिकेत जातात, ज्याच्या मूर्तीच्या गालावर तीस वर्षांत कधी खरखर सापडली नाही, तो म्हणाला, "काय नाय, घरीच असते."

मी तोंड उघडलं तर तू माझा हात दाबलास. जोर नव्हता त्यात, तरी मी गप्प बसले. त्या गप्प बसवण्यावरून मला आजही तुझ्यावर रागवायचं आहे. मरणाच्या दाखल्यावर पण तेच आलं, व्यवसाय, गृहिणी. मी तो कागद परवा पहिल्यांदा नीट वाचला. चष्मा लावून.

रिक्षात बसल्यावर आपलं भांडण झालं, आठवतं? मी म्हटलं, मी तक्रार करणार. त्या रंगवाल्याची, त्याला पावडर पुरवणाऱ्याची. तू एकेक शब्दाला श्वास घेत म्हणालीस, "गावात घरटी कारखाना हाय. तू एक शब्द बोललीस तर मुंबईचा मानूस आपल्या गावात मूर्ती घ्यायला येनार नाय. देवाच्या मूर्तीत विख हाय म्हनशील?" मी म्हटलं, मूर्ती नेणाऱ्याला काही होणार नाही, पावडर रंगात घट्ट बसते, प्रश्न कोरड्या भुकटीचा आहे, तुमच्या सगळ्यांच्या नाकाचा आहे. तू म्हणालीस, "लोकांना एवढं बारीक कळत नाय गो." रिक्षावाला आरशातून बघायला लागला म्हणून दोघी गप्प झालो. ते भांडण तिथेच राहिलं.

तरी मी गेले होते, तुला न सांगता. एका सरकारी कार्यालयात. पोत्याचा तो तुकडा घेऊन. साहेब चांगला होता, खुर्ची दिली. म्हणाला, आमच्याकडे धूळ मोजायचं यंत्र आहे पण ते इतकं बारीक मोजत नाही. आणि ही वस्तू आमच्या यादीत नाही. मी विचारलं, यादीत कधी येईल? तो म्हणाला, बाई, मी सांगू शकत नाही. आमच्या कंपनीतल्या वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, आपल्या आवारात आपण काळजी घेतो, बाहेर कोण काय करतं ते आपण कसं बघणार? रंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, माल चांगला आहे म्हणून तुमीच तर सांगितलेलं."

त्याच पावडरीने तू गेलीस का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. तिच्या आधीही तू वीस-पंचवीस वर्षं प्लास्टरची धूळ खाल्ली होतीस, शेजारी स्प्रे चालू असायचा. मी केमिस्ट आहे, मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही माझी सवय. पण कुणी मोजलंच नाही. तुझ्या छातीतलं मोजलं नाही, तळ्यातलं मोजलं नाही. आणि मोजलं नाही म्हणून काही नाही, असं सगळे धरून चालले आहेत. विकणाऱ्याने बारीक अक्षरात लिहिलं आणि हात झटकले. कुणाच्या भाषेत लिहिलं, कोण वाचणार, याची त्याला काय पडली होती? तुझ्यासारखी बाई ते पोतं उघडणार हे त्याला ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये. ठाऊक होतं, तरी त्याने ते इंग्रजीत लिहिलं.

त्या चार ओळी मी शेवटी वाचल्या. तू दवाखान्यात होतीस तेव्हा. धूळ उडू देऊ नका. योग्य मुखवटा वापरा. हवा खेळती ठेवा. पाण्याच्या साठ्यात जाऊ देऊ नका. एवढंच होतं. जेवण थांबवून वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी लॅबमधून फिल्टरचा मुखवटा आणला होता तुझ्यासाठी, शेवटच्या वर्षी. तू तो आरशात बघून हसलीस, "दशावतारात घेतील मना," म्हणालीस आणि खिळ्याला टांगलास. का आणला ते तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. खरं म्हणजे तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं मला. वहिनी, मी चुकीचं सांगितलं होतं. पाच शब्द. तुझ्या उशाशी बसून मी डाळिंब सोलत राहिले, प्राचीच्या मुलीच्या बारशाचं बोलत राहिले, तुझ्या ऑक्सिजनच्या नळीला नावं ठेवत राहिले. एकदा तूच डोळे मिटून म्हणालीस, "शालू, आता हवा पन गाळूनच जाते गो आत, थेंबथेंब." मी हसले. तू पण हसलीस, मग खोकलीस, मग सिस्टर आली. ते शेवटचं नीट बोलणं.

म्हणून रविवारी त्या दारात उभी राहिले तेव्हा मला दादाचा राग आला होता हे खरं, पण मी तिथून हलले नाही ते दुसऱ्या कारणाने. साडेतीन पोती उरली आहेत. प्राचीची मुलगी आठ महिन्यांची आहे आणि ती दिवसभर त्याच कारखान्यात रांगते.

मी दादाला म्हटलं, "ते पोतं बंद कर."

तो म्हणाला, "का?"

"तिला हेच झालं असेल."

"कोनी सांगितलं? डॉक्टर चूल म्हनाला." मग त्याचा आवाज चढला. "आनि वाईट हाय तर तवा का नाय बोललीस? तूच सांगितलंस ना तिला? वस्त्रगाळाच्या पुढचं हाय म्हनून? सगळ्या गावाला ठाव हाय."

कारखान्यातली माणसं काम थांबवून बघत होती. कंप्रेसर बंद झाला. तुझ्या दादल्याकडे, माझ्या भावाकडे बघताना मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस पण आतून स्वतःशीच भांडतो आहे. त्याने 'घरीच असते' म्हटलं होतं, मी 'पुढचं' म्हटलं होतं. माझं भांडायचं बळ तिथे संपलं. मी तुझ्या पाटाशेजारी जमिनीवर बसले, तू गाळायचीस तेव्हा बसायचे तशी.

प्राचीने ओढणी खाली केली. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. माझ्याही अशाच असायच्या, तू पाटावर बसायच्या आधी. तिने पोत्यावरच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि सरळ विचारलं, "आत्या, नॅनो म्हंजे काय वो?"

तोच प्रश्न, वहिनी. तीच जागा.

मी म्हटलं, "म्हणजे जे पातेल्यावरच्या कापडातून जातं, तुझ्या ओढणीतून जातं, आणि छातीत जाऊन बसतं. तळ्यात गेलं तर तळं मारतं. गाळून चांगलं होत नाही ते. गाळल्याने उडतं." मग खालच्या चारही ओळी मी तिला मोठ्याने वाचून दाखवल्या, आधी इंग्रजीत, मग आपल्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. दादा मध्येच बाहेर निघून गेला. कोणी त्याला हाक मारली नाही.

प्राचीने पातेल्याची सुतळी सोडली. आईच्या पातळाचं ते कापड तिने झटकायला उचललं आणि झटकलं नाही. ओलं करून घडी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आईंना ठाव व्हतं हे?"

"नाही," मी म्हटलं. "तिने मला विचारलं होतं."